पूर्ववर्ती नदी

जमीन उचलली जाऊन पर्वत उभा राहत असताना आपला मार्ग न सोडता, खालचा खडक कापत वाहत राहिलेली नदी. ती वयाने पर्वताहून थोरली असते. उचल आणि झीज यांचा वेग जुळला तरच हे घडते; उचल वरचढ ठरल्यास पाणी अडून सरोवर बनते किंवा नदी दुसरीकडे वळते. करवतीची जागा न बदलता ओंडकाच वर सरकवत न्यावा, तशी ही क्रिया चालते.

सह्याद्रीचा माथा हाच जलविभाजक आहे. कृष्णा-गोदावरी तिथून पूर्वेकडे जातात आणि कोकणातील नद्या पश्चिमेकडे. हिमालयात मात्र सिंधू, सतलज, अरुण आणि ब्रह्मपुत्रा या नद्या मुख्य रांगेच्या पलीकडे, तिबेटात उगम पावतात आणि ती रांग भेदून खाली येतात. नेपाळमधील काली गंडकी धवलगिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधून वाहते; तिथे तिचे पात्र शिखरांच्या पाच किलोमीटरहून अधिक खाली आहे. महाराष्ट्रातील देवघरांत पूजला जाणारा शाळिग्राम याच नदीतला. हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी गाडल्या गेलेल्या अमोनाइट प्राण्यांचे जीवाश्म त्यात आढळतात.

पूर्ववर्ती नदीची कल्पना जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोलोरॅडो नदीच्या १८७५ च्या अहवालात मांडली. त्यांचे मुख्य उदाहरण युंटा पर्वत कापणाऱ्या ग्रीन नदीचे होते. पुढील संशोधनात तो पर्वतच नदीच्या आजच्या मार्गाहून जुना ठरला. कल्पना मात्र टिकली.

पर्वत भेदण्याच्या इतर रीतीही आहेत. गाळाच्या थराखाली गाडलेल्या डोंगरावरून वाहणारी नदी तो थर झिजल्यावर खालच्या कठीण खडकातही जुनीच वाट कोरते; ती अध्यारोपित नदी. उतारावरची जोमदार नदी उगमाकडे झिजत जाऊन माथ्यापलीकडचा प्रवाह ओढून घेते, ते नदीचौर्य. सरोवर काठोकाठ भरून खिंडीतून ओसंडले, तरी घळई तयार होते.

अरुण नदीला एल. आर. वेजर यांनी १९३७ मध्ये पूर्ववर्ती ठरवले. काही अभ्यासक तिथे नदीचौर्य मानतात. निर्णयासाठी काठावरील जुन्या गोट्यांचे कट्टे आणि पायथ्याच्या मैदानातील गाळ यांचे वय पाहावे लागते. केवळ खोल घळईवरून नदी पूर्ववर्ती ठरवणे चूक आहे.