क्लब कोणाचा?

शाळा सुरू व्हायचे दिवस आले, की आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघतो. "आई, मला शाळेत क्लब काढायचाय!" आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कॉलेजच्या अर्जाला उपयोग होईल ना?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अमेरिकेतल्या हायस्कूल क्लबांचा इतिहास पाहिला, तर त्यात एक वेगळाच प्रश्न पुन:पुन्हा समोर येतो. क्लब नक्की कोणाचा? मुलांचा, शाळेचा, की आपला?

विसाव्या शतकाच्या आरंभी इथली हायस्कुले झपाट्याने वाढली. मुलांनी कॉलेजातल्या फ्रॅटर्निटींचे अनुकरण करून ग्रीक अक्षरांची गुप्त मंडळे काढली. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे जुने सभासद ठरवीत. क्लब मुलांचा होता, पण मोजक्याच मुलांचा. शाळाचालकांना हे खुपू लागले. कॅलिफोर्नियाने १९०९ साली कायदा करून सरकारी शाळांत अशा मंडळांवर बंदी घातली. इतर अनेक राज्यांनीही तेच केले.

पण बंदीने मुलांची एकत्र येण्याची हौस थोडीच संपते? तिला वाट हवी असते. १९२५ साली सॅक्रमेंटो हायस्कूलमध्ये 'की क्लब' सुरू झाला, तो अशा गुप्त मंडळांना पर्याय म्हणूनच. पाठीशी गावातला किवानिस क्लब, म्हणजे मोठ्यांची सेवाभावी संस्था होती. समाजसेवा हा उद्देश, आणि कारभार मुलांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्यांकडे. पहिली मुले केव्हाच पदवीधर झाली, पण क्लब राहिला आणि देशोदेशी पसरला. गंमत म्हणजे मुलींना अधिकृत प्रवेश देण्यात पोरे थोरांच्या पुढे निघाली. की क्लबने तो १९७० च्या दशकात दिला, तर किवानिसने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९८७ साली!

तरीही कुठला क्लब चालू द्यायचा, हे शाळाच ठरवीत असे. १९८४ साली अमेरिकन काँग्रेसने 'इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट' केला. केंद्राचे पैसे घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी क्लब भरू दिला, तरी दुसऱ्या क्लबला त्याच्या धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक मतांवरून नकार देता येत नाही. ओमाहाच्या वेस्टसाइड हायस्कूलमधल्या ब्रिजेट मर्जेन्स या विद्यार्थिनीने १९८५ साली ख्रिश्चन क्लबसाठी परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्याच शाळेत बुद्धिबळाचा आणि स्कूबा डायव्हिंगचा क्लब मात्र होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९० साली आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल तिच्या बाजूने लागला.

कायद्याने दार उघडले, तरी ते लावून घेणारेही निघाले. समलिंगी विद्यार्थी आणि त्यांचे मित्र यांचा क्लब नको, म्हणून सॉल्ट लेक सिटीच्या शाळामंडळाने १९९६ साली अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. एका क्लबपायी सगळेच गेले! ही बंदी उठायला २००० साल उजाडले.

याच कायद्यात आपल्यासारख्या पालकांनी लक्षात ठेवावी अशी एक अट आहे. क्लब मुलांनी स्वत:हून काढलेला हवा. शाळेबाहेरच्या व्यक्तींनी तो चालवायचा नाही, त्यावर ताबा ठेवायचा नाही, बैठकांना नेमाने हजरही राहायचे नाही. ही अट वाचताना मी जरा ओशाळलो. माझ्या मुलीने शाळेत भारतीय संस्कृतीचा क्लब काढला, तेव्हा दिवाळीचा कार्यक्रम आम्ही आईवडिलांनीच आखला. फराळ आम्ही केला, फलक आम्ही रंगवले, भाषणही मीच 'तपासून' दिले. सभागृह भरले. पुढच्या वर्षी मुलगी कॉलेजला गेली, तिच्यामागोमाग आम्हीही गेलो, आणि क्लब बंद पडला. धाकट्या मुलांना काही येत नव्हते असे नाही. त्यांच्या हाती आम्ही काही दिलेच नव्हते.

हायस्कूल चार वर्षांचे. म्हणजे क्लबमधली पिढी चार वर्षांत पूर्ण बदलते. आपल्या मंडळाची कार्यकारिणी बदलताना दरवर्षी काय तारांबळ उडते, हे आपण जाणतोच! म्हणून क्लब काढणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच : पहिल्या वर्षीच एखादा नववी-दहावीतला सोबती हाताशी घ्या. मनापासून साथ देणारे शिक्षक शोधा, कारण तुम्ही गेल्यावरही ते शाळेत असतील. वसंतातच निवडणूक घ्या, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांना जुन्यांच्या देखत दोन महिने काम करता येईल. हिशेब, पत्ते, काय जमले आणि काय फसले, ते एका वहीत लिहून ठेवा.

आणि आपण पालकांनी? गाडीने पोचवावे, मागितला तर सल्ला द्यावा, आणि चिवडा थोडा खारट झाला तरी तो मुलांनाच करू द्यावा. अर्जात 'संस्थापक' हा शब्द छान दिसतो, हे खरे. पण आपण गेल्यावरही क्लब चालू राहिला, तर मुलाने खरोखर काही स्थापन केले असे म्हणता येईल.