थांबावे की परतावे? नागपुरातल्या दोन कसोटी

जखमी खेळाडूने थांबावे की परतावे, या वादाचा चांगला दाखला आपल्या नागपुरातच आहे. ऑक्टोबर २००४, सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान. ‘टेनिस एल्बो’मुळे पहिल्या दोन कसोटींना मुकलेला सचिन ऑस्ट्रेलियाविरुद्ध परतला. धावा किती? ८ आणि २! भारत ३४२ धावांनी हरला, मालिकाही गेली. पुढे २००५ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया, २००६ मध्ये खांद्यावर. २००७ मध्ये तर इयान चॅपेलने निवृत्तच हो म्हणून लिहिले.

मग नोव्हेंबर २००८. जामठ्याचे नवे मैदान, समोर तीच ऑस्ट्रेलिया, आणि सचिनच्या १०९. म्हणून चॅपेल चुकला, असे सगळे म्हणतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही सरधोपट रीत पटत नाही. सचिन त्या दिवशी शून्यावर बाद झाला असता, तर त्याचा निर्णय चुकीचा ठरला असता काय? २००७ मध्ये ते शतक कोणालाच दिसत नव्हते. सांधा किती दुखतो आणि सरावात किती साथ देतो, एवढेच हाताशी होते. तेही सचिनलाच नेमके ठाऊक. तोलायचे ते त्यावरून, नंतरच्या धावफलकावरून नव्हे.

गंमत पाहा, त्याच मालिकेत कुंबळेने दिल्लीला, बोटाला टाके पडल्यावर, ३८ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. तोही आमच्या मते बरोबरच. पुढची कसोटी तोंडावर होती आणि बोट तोवर भरणारे नव्हते. नागपुरात मालिका जिंकल्यावर धोनीने चषक घ्यायला त्यालाच सोबत नेले.