एकतालाचा ताळेबंद

केऑसच्या समकालनाचा, म्हणजे दोन बेबंद व्यवस्था एका तालात आणण्याचा, इतिहास बहुधा १९९० पासून सांगितला जातो. माझ्या मते तो १८९२ पासून सांगायला हवा. त्या वर्षी खार्किवच्या अलेक्सांद्र लायापुनोव्ह यांनी गतीच्या स्थैर्यावर प्रबंध लिहिला. या कथेची दोन्ही टोके त्यात सापडतात.

पहिले टोक मोजमापाचे. १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी अवघ्या तीन समीकरणांतून दाखवले, की आरंभीचा नगण्य फरकही झपाट्याने वाढत जातो. या वाढीचा वेग लायापुनोव्ह घातांकाने मोजतात. तो शून्याहून अधिक असला की केऑस. ऑटो रॉसलर यांनी १९७९ मध्ये चार चलांची समीकरणे मांडली. त्यांत असे दोन घातांक होते, म्हणजे फरक दोन स्वतंत्र दिशांनी वाढत होता. हा ‘हायपरकेऑस’. अशा दोन व्यवस्थांची चाल जुळवणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणेच!

१९९० मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील लुई पेकोरा आणि थॉमस कॅरोल यांनी केऑसपुरती ती बांधली. एका व्यवस्थेचा संकेत दुसरीला पुरवला आणि दोघी एकसारख्या चालू लागल्या. लगेच गुप्त संदेशांची स्वप्ने पडू लागली: गोंगाटात निरोप दडवायचा, पलीकडच्या जुळ्या यंत्राने गोंगाट वजा करायचा. १९९३ मध्ये क्युओमो आणि ओपनहाइम यांनी तसे मंडल चालवूनही दाखवले. पण १९९५ मध्ये पेरेझ आणि सेर्देइरा यांनी केवळ संकेत न्याहाळून असा निरोप बाहेर काढला. मग अधिक गुंतागुंतीच्या हायपरकेऑसवर भिस्त ठेवली गेली.

इथे अरेषीय नियंत्रण कामी आले. दोन व्यवस्थांतील फरकाचे समीकरण मांडायचे, त्यातली वर्गाची-गुणाकाराची अडचणीची पदे नियंत्रक संकेताने छाटायची आणि उरलेला फरक शून्याकडे ओढायचा. तो शून्यावर पोचेलच, याची हमी कोण देणार? फरकांच्या वर्गांची बेरीज सतत घटते, हे सिद्ध केले की झाले. ही रीतही लायापुनोव्ह यांचीच. ज्यांच्या मापाने बेबंदपणा मोजायचा, त्यांच्याच युक्तीने तो आवरायचा!

मात्र ही सिद्धता ताल जुळण्याची हमी देते, गुपित टिकण्याची नव्हे. १९९८ मध्ये शॉर्ट आणि पार्कर यांनी हायपरकेऑसमधला निरोपही उकलला. गुंतागुंत म्हणजे गुप्तता नव्हे, हा या इतिहासाचा धडा मला त्यातल्या समीकरणांइतकाच मोलाचा वाटतो.