तिजोरी कोणाच्या घरी ठेवायची?

पासवर्ड चोरीला जाण्याचा इतिहास जवळजवळ पासवर्डइतकाच जुना आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये फर्नांदो कोर्बातो यांच्या गटानं सीटीएसएस ही यंत्रणा उभारली. संगणक एक, वापरणारे अनेक. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ पुरेना. त्यानं काय केलं, तर सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली! कुलूप भक्कम, आणि किल्ल्यांचा जुडगा दारामागच्या खुंटीला.

१९७९ साली मॉरिस आणि थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमधल्या युनिक्सवरचा उपाय निबंधात मांडला. पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचं उलट न फिरवता येणारं रूप तेवढं साठवायचं. म्हणजे बघा, यंत्र आपल्याला ओळखतं, पण आपलं गुपित त्याला ठाऊक नसतं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात रस वाटणारच.

पण पासवर्ड मॅनेजरला ही युक्ती चालत नाही. त्याला मूळ शब्द परत द्यावा लागतो. म्हणून तो सगळी वही कूटबद्ध करतो आणि किल्ली एकच ठेवतो, मास्टर पासवर्ड. ब्रूस श्नायर यांचा पासवर्ड सेफ (१९९७) काय किंवा कीपास (२००३) काय, ही वही आपल्याच यंत्रावर असे. मग खिशात फोन आला, आणि वही क्लाउडवर गेली.

२०२२ साली लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी नेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते. संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे! आणि प्रत एकदा चोराच्या घरी गेली की 'तीन वेळा चुकलात, खातं बंद' हा नियम राहत नाही. तो निवांत किल्ल्या लावून बघतो. खात्यावरची दुहेरी पडताळणी जरूर असावी, पण ती दारावरची राखण. बाहेर गेलेल्या प्रतीला तिचा उपयोग नाही. तिथे फक्त मास्टर पासवर्डची लांबी उभी राहते.

केर्कहोफ्स यांनी १८८३ सालीच म्हटलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावी, गुप्त राहावी ती किल्ली. त्या कसोटीवर क्लाउड वाईट ठरत नाही, आणि घरची फाइलही आपोआप सुरक्षित ठरत नाही. डिस्क बिघडली आणि दुसरी प्रत नसली, की सगळंच गेलं. आम्ही घरच्या फाइलकडे झुकतो, पण दोन प्रती ठेवून. मास्टर पासवर्ड पाच-सहा असंबद्ध शब्दांचा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. आणि आपल्या वयाच्या मंडळींनी तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून मृत्युपत्राजवळ ठेवावा. पाकीट कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी आजच सांगा.