नागपूर करार, फजल अली आयोग आणि सीमेवरची माणसं

गोंदिया आणि बालाघाट ही शेजारची शहरं. दोन्हीकडे पोवारी बोलतात, गोंडी बोलतात, सोयरिकीही होतात. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा बनला तोच मुळी भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा, आणि त्यातलं आपलं गोंदिया, द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं.

या फेरमांडणीत विदर्भाचं काय करायचं, हा मोठा वाद होता. नागपूर तेव्हा राजधानी होती. मुंबई-पुण्याच्या जोडीला गेलो तर राजधानीही जाईल आणि पैसाही तिकडेच वळेल, अशी इथल्या अनेकांना भीती होती. ती घालवण्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील हे सही करणाऱ्यांपैकी. खर्चात, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, आणि दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, ही त्यातली मुख्य आश्वासनं.

त्यानंतर न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग आला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे इतर सदस्य. १९५५ च्या अहवालात आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचं स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवलं. ते झालं नाही. पुढे १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, तेव्हा राज्याच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. म्हणजे १९५३ ची भीती उगाच नव्हती.

प्रदेशाप्रदेशांत असे तोडगे इतर देशांतही झाले आहेत. अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला आणि देश पश्चिमेकडे पसरू लागला. प्रत्येक नव्या राज्याच्या वेळी वाद एकच : तिथे गुलामगिरी असणार की नाही? कारण त्यावर सिनेटमधलं उत्तर-दक्षिण बळ ठरत होतं. १८२० मध्ये मिसुरी तडजोड झाली. मिसुरी गुलामगिरीचं राज्य, मेन मुक्त राज्य. लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला. पण ज्यांना गुलाम म्हणून राबवलं जात होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्यानंतर नदीपलीकडे हाकललं गेलं. चेरोकी जमातीची हजारो माणसं त्यात मेली. १८५४ मध्ये ती तडजोड मोडीत निघाली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं.

आपला वाद गुलामगिरीचा नव्हता, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण एक प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो : दोन प्रदेश आपसांत वाटणी करतात, तेव्हा त्या प्रदेशांतल्या लहान समूहांचं काय?

फजल अली आयोगाने हा प्रश्न विचारला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राज्यं भाषेवर बनली तरी प्रत्येक राज्यात दुसरी भाषा बोलणारे राहणारच, हे ओळखून त्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं सुचवली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत ती उतरली. त्याच दुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद झाली, आणि त्याच दुरुस्तीने कलम ३५०-क आलं. त्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे.

पहिल्या तरतुदीवर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी आवाज उठतो, आणि तो उठायलाच हवा. दुसरीची आठवण क्वचितच निघते. उर्दू शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहते किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं, तेव्हा तोही अनुशेषच असतो. मुंबईकडे आपला वाटा मागणाऱ्या विदर्भाने आपल्या घरातल्या लहानांचा वाटाही त्याच हिशेबात धरावा. दोन्ही हक्क एकाच दुरुस्तीतून आले आहेत.