अभ्र्याची पिशवी

धूळ उडाली की मला धाप लागते. म्हणून यांनी भंगारातून धूळ ओढण्याचे जुने यंत्र आणले. वाळून तुटलेला रबरी पट्टा यांनी बदलला. फाटकी पिशवी मी जुन्या अभ्र्याची शिवली. मागाहून वाचले, तर मूळची पिशवीही अभ्र्याचीच! अमेरिकेत ओहायोतील कॅन्टन गावी स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा होता. त्यालाही दमा. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा व अभ्रा जोडून यंत्र केले. १९०८ मध्ये पेटंट मिळाले, ते हूवर यांनी विकत घेतले. नाव झाले हूवरांचे. झाडूवाल्यास कोण विचारतो? त्याआधी १९०१ साली लंडनात बूथसाहेबांचे यंत्र निघाले होते. पण ते घोडागाडीतून दारात येई, नळ्या खिडकीतून आत सोडीत! आमचे यंत्र गुरगुरते फार. पण आता झाडताना तोंडाला पदर बांधावा लागत नाही.