संग्रह आणि कारभार

संग्रहालयांचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे आपण बहुधा वस्तूंचाच इतिहास लिहितों. कोणती मूर्ति कोठें सांपडली, कोणतें नाणें कोणी दिलें, हें आपण आस्थेनें नमूद करतों. पण त्यांच्या रखवालीचा पैसा कोठून येई, अधिकार कोणाचा असे व हयगय झाल्यास जाब कोणी द्यावयाचा, हें क्वचितच विचारतों. वस्तुतः संग्रहाचें आयुष्य याच प्रश्नांवर अवलंबून असतें. मुंबईंत भायखळ्यास असलेल्या संग्रहालयाची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

या संग्रहाचें पहिलें बिऱ्हाड कोटांतील लष्करी बराकींत होतें. 1857 च्या धामधुमींत त्या बराकी सैन्यास हव्या झाल्या, संग्रह घाईघाईनें बाहेर काढण्यांत आला, आणि त्यांत त्याची पुष्कळ नासधूस झाली. वस्तु होत्या, पण स्वतःचें घर नव्हतें. पुढें जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट प्रभृति मंडळींनीं हें कार्य उचलून धरलें व 1862 सालीं नव्या इमारतीची कोनशिला बसली. तों 1865 सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि काम रखडलें. अखेर सरकारनें तें हातीं घेतलें, तेव्हां 1872 सालीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. केवळ वर्गणीवर उभी राहणारी संस्था बाजारभावाबरोबर कशी हेलकावे खाते, याचा हा धडाच होय.

तज्ज्ञांचा सल्ला आपल्या देशास नवा नाहीं. कार्नेगी निधीच्या साहाय्यानें मार्कहॅम व हारग्रीव्ह्ज या दोघांनीं हिंदुस्थानांतील संग्रहालयांची पाहणी करून 1936 सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. पैशाची तूट आणि शिकून तयार झालेल्या माणसांची वाण हें त्यांतील मुख्य निदान. 1952 सालीं बडोद्याच्या विद्यापीठांत संग्रहालयशास्त्राचें अध्यापनहि सुरू झालें. परंतु वैद्याची चिठ्ठी उशाशीं ठेवून रोगी बरा होत नाहीं. औषध पाजणारें कोणी तरी लागतें.

भायखळ्यास तें 2003 सालीं लाभलें. 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव धारण करणारी ती इमारत तोंपर्यंत जीर्ण झाली होती. महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व वारसा-संरक्षणाचें कार्य करणारी इंटॅक यांच्यांत त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेचीच राहिली, प्रतिष्ठाननें द्रव्य दिलें, इंटॅकनें जीर्णोद्धाराची विद्या पुरविली. 2005 सालीं त्या कामास युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, व 2008 सालीं दारें पुन्हां उघडलीं.

यावर एक आक्षेप येतो, व तो क्षुल्लक नव्हे. जो पैसा देतो त्याचा शब्द हळूहळू जड होतो, आणि सार्वजनिक ठेव खाजगी शोभेची वस्तु बनण्याचें भय राहतें. हें भय खोटें म्हणतां येणार नाहीं. पण त्यावर उपाय दात्यास दूर लोटणें हा नसून, त्याचा अधिकार कोठें संपतो हें आधींच लिहून ठेवणें व हिशेब लोकांपुढें मांडणें हा आहे. भाऊ दाजींच्या काळीं औदार्य होतें, विद्वत्ताहि होती. उणीव होती ती त्या दोहोंस बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेची. आज ज्या ज्या गांवीं नवें संग्रहालय काढण्याचा मनोदय आहे, तेथें पहिली वस्तु मांडण्यापूर्वीं हा करारनामा लिहिला जावा.